अकरा नंबरची नळी

४ सप्टेंबर

प्रयोगाच्या नोंदवहीत वैताग लिहायचा नसतो, तिथे फक्त आकडे. गेल्या आठवड्यात मी एका समासात "या सशांचं काय करू?" असं लिहिलं, तर साहेबांनी खाली लाल शाईत शेरा मारला: "वैज्ञानिक भाषा वापरावी." म्हणून ही वेगळी वही. इथे मी माणसासारखं लिहीन.

आधी काम काय ते लिहून ठेवतो, म्हणजे म्हातारपणी वाचताना कळेल. पोटात अन्न पडलं की जठराची भिंत रक्तात गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक सोडते. ते सगळ्या अंगभर फिरतं आणि परत जठरापाशी येऊन सांगतं, "आम्ल तयार कर." म्हणजे शेजारच्या खोलीत निरोप द्यायला गावभर दवंडी. रक्तात ते असतं किती? तळ्यात चिमूटभर मीठ टाकून घोटभर पाणी चाखावं, तेवढं. ते मोजायची पद्धत आम्हाला बसवायची आहे. इस्पितळाच्या वरच्या मजल्यावरचे पोटाचे डॉक्टर दोन वर्षं त्यासाठी मागे लागलेत.

युक्ती अशी. सशाला गॅस्ट्रिन टोचायचं. त्याला ते परकं वाटलं तर त्याच्या रक्तात ते पकडून ठेवणारी प्रतिपिंडं तयार होतात. ही प्रतिपिंडं म्हणजे खुर्च्या. नळीत मोजक्याच खुर्च्या ठेवायच्या, त्यात किरणोत्सारी खूण केलेलं आपलं गॅस्ट्रिन घालायचं आणि वर माणसाचं रक्त. मग चालते संगीतखुर्ची. रक्तातलं गॅस्ट्रिन जितकं जास्त, तितकं आपलं खूणवालं उभं राहतं. उभे राहिलेले कोळशाच्या पुडीने टिपून घ्यायचे आणि बसलेले मोजायचे.

आठ सशांपैकी सातांना गॅस्ट्रिन परकं वाटलंच नाही. सगळ्यांना आपलं म्हणणारे ससे संशोधनाला कुचकामाचे. आठवा तेवढा चावरा आणि कोणाचंही न ऐकणारा निघाला. त्याचं नाव खवीस. सगळी भिस्त त्याच्यावर.

सासरे आजपासून आठ दिवस राहायला आलेत. घराला रंग द्यायला काढलाय म्हणे.

१३ सप्टेंबर

खवीसाने नाव काढलं! त्याचं रक्त हजारो पट पातळ केलं तरी खुर्च्या घट्ट. आज कागदावर पहिली वक्ररेषा उतरली, अगदी घसरगुंडीसारखी देखणी. मी ती शंकाबाईला दाखवली. शंकाबाई म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरची संशोधक. पदवी माझ्याएवढीच, स्वभाव माझ्यापेक्षा वाईट. ती म्हणाली, "छान आहे. पुन्हा करून बघा." लग्नपत्रिका दिली तरी ही बाई म्हणेल, पुन्हा करून बघा.

घरी आनंदाने चहा मागितला तर दूध संपलेलं. सासरे दिवसभर घोट घोट दूध पितात. निवृत्त व्यायामशिक्षक आहेत. गळ्यात शिट्टी घालून हयात गेली. मध्येच खिशातून खडूसारख्या पांढऱ्या गोळ्या काढून चावतात. म्हणाले, "आयुष्यभर फळ्यापासून लांब राहिलो जावईबापू, आता म्हातारपणी खडू खातोय." विनोद बरा होता. दूध मात्र नव्हतं.

ही म्हणाली, "बाबांचा चेहरा किती उतरलाय, बघितलंत?"

मी बघितला. मला तर जागच्या जागी दिसला.

२ ऑक्टोबर

सासऱ्यांचा मुक्काम लांबला. रंगारी फारच संथ दिसतात.

आता निरोगी माणसांचं रक्त हवं. निरोग्यांमध्ये गॅस्ट्रिन किती, ही पट्टी आधी ठरली पाहिजे, मग आजाऱ्यांना ती लावता येईल. फेब्रुवारीत परिषद आहे. तिथे निबंध वाचायचा, असं साहेबांनी परस्पर कळवूनही टाकलंय. वीस माणसं हवीत. घरी जेवताना मी सहज बोललो आणि सासरे एकदम ताठ झाले.

"माझं घ्या. माझ्याइतका धडधाकट माणूस तुम्हाला कुठे मिळणार?"

"बाबा, तुमचं वय..." ही म्हणाली.

"वय शिट्टीचं वाढतं, फुप्फुसांचं नाही." हे वाक्य ते शाळेतही म्हणत असावेत. त्याला काही अर्थ नाही.

मी म्हटलं, "रात्रीपासून उपाशी राहावं लागेल."

त्यांचा हात गोळ्यांच्या खिशाकडे गेला. मग म्हणाले, "राहीन."

५ ऑक्टोबर

सगळ्यांचं रक्त घेतलं. साहेब, शंकाबाई, दोघी परिचारिका, ग्रंथपाल, ही, मी आणि बाकीचे. सासरे सगळ्यांच्या आधी बाही वर करून बसले होते. मी प्रत्येकाला ठरलेले प्रश्न विचारले. "पोटाची काही तक्रार?" असं विचारल्यावर ते इतक्या मोठ्याने "नाही!" म्हणाले की बाहेरच्या बाकावरचा माणूस उभा राहिला.

यादीत त्यांचा नंबर अकरा.

सुई काढल्यावर लगेच विचारतात, "मग? काय दिसलं तुमच्या यंत्राला?"

"बाबा, आत्ता तर रक्त घेतलं. नळ्या चार दिवस थंडीत ठेवायच्या असतात."

"बरं बरं. घाई नाही."

संध्याकाळी जेवताना पुन्हा तेच. आपल्या पद्धतीची खिल्ली उडवणारी माणसं घरातच असली की बाहेरच्या टीकाकारांची भीती वाटत नाही, एवढा एक फायदा.

१० ऑक्टोबर

एकोणीस माणसं रांगेत उभी. साहेबांचं सर्वांत कमी, ग्रंथपालाचं सर्वांत जास्त, पण सगळी एका ओळीत, शाळेच्या कवायतीसारखी. आणि अकरा नंबर? अकरा नंबरच्या नळीत आमच्या गॅस्ट्रिनला खुर्चीच मिळाली नाही. आकडा पट्टीच्याच बाहेर. बाकीच्यांच्या वीसपट तरी असावा.

नळी नीट धुतली गेली नसणार. पुन्हा लावली.

१५ ऑक्टोबर

नवी नळी, नवी पिपेट. अकरा नंबर तसाच.

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जेवल्यावर गॅस्ट्रिन वाढतं! जेवून वीसपट होत नाही हे मला ठाऊक आहे, पण या माणसाच्या दुधाच्या प्रमाणाला कोणताही नियम लागू नसावा. घरी येऊन मी सरळच विचारलं.

"बाबा, त्या सकाळी तुम्ही दूध प्यालात का?"

ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. शाळेत पकडलेल्या मुलासारखे. मग म्हणाले, "अर्धा कप. राहवलं नाही."

"अहो, मी बजावून सांगितलं होतं!"

"चुकलं माझं. पुन्हा घ्या. या वेळी नाही पिणार."

ही ताटं उचलत होती. ती म्हणाली, "बाबा, राहवलं नाही म्हणजे काय?" सासरे म्हणाले, "म्हणजे सवय." हिने ताटं जरा जास्तच आवाज करून ठेवली. आज घरात दोघांचाही सूर लागत नाही.

१७ ऑक्टोबर

आज पहारा ठेवला. सकाळी मी स्वतः सासऱ्यांसोबत स्वयंपाकघरात बसून राहिलो, दुधाचं भांडं माझ्या हाताशी. मग त्यांना घेऊन प्रयोगशाळेत गेलो. जिन्यात ते दोनदा थांबले. खुर्चीवर बसल्यावर पोटाशी हात घेऊन पुढे वाकले आणि कपाळाला घाम. व्यायाम सुटला की अंग असं लगेच ढिलं पडतं. त्यांनीच हे मला पूर्वी दहादा ऐकवलंय.

रक्त घेतल्याबरोबर मी त्यांना दूध दिलं. घटाघट प्यायले.

"आता तरी दिसेल ना?"

"दिसेल हो बाबा. तुम्ही नियम पाळलात तर सगळं दिसतं."

२२ ऑक्टोबर

आधीपेक्षाही जास्त!

आता माझ्या मनात संशय उरला नाही. या माणसाच्या रक्तात काहीतरी आहे जे आमच्या किरणोत्सारी गॅस्ट्रिनचे तुकडे पाडतं. तुकडे पडले की ते खुर्चीवर बसू शकत नाही आणि आपल्याला वाटतं, रक्तात गॅस्ट्रिन भरपूर. असं होतं, निबंधांत वाचलंय. थोडक्यात, सासऱ्यांचं रक्तही सासऱ्यांसारखंच: दुसऱ्याला बसू देत नाही.

अकरा नंबर काढून टाकला. त्या जागी लिफ्टमनचं रक्त घेतलं. काय सालस रक्त! थेट मधोमध येऊन बसलं. आता वीसच्या वीस ओळीत. साहेब खूश.

३० ऑक्टोबर

पोटाचे डॉक्टर खाली चहाला आले होते. म्हणाले, "निरोगी माणसं झाली. आता मला तो रुग्ण हवा."

"कोणता?"

"ज्याच्यासाठी ही सगळी खटपट चाललीय तो. काही लोकांत कुठेतरी, स्वादुपिंडात नाहीतर आतड्याच्या भिंतीत, एक बारीकशी गाठ होते. ती रात्रंदिवस गॅस्ट्रिन ओतत राहते. जठराला वाटतं, जेवण आलं, जेवण आलं. आम्लाचा पूर. अल्सर होतो, बरा होतो, पुन्हा होतो. माणूस दूध पिऊन, गोळ्या चावून दिवस काढतो. जुलाब होतात, वाळत जातो. बहुतेकांना सांगितलं जातं की हे मनाचं दुखणं आहे. अल्सर फुटून माणूस गेला की मग कळतं. लाखांत एखादा. दहा इस्पितळांना पत्रं टाकलीत मी, कोणाकडेच नाही."

मी सगळं टिपून घेतलं. किती रेखीव रोग! एक वाटाण्याएवढी गाठ आणि तिच्यावर सगळ्या लक्षणांची माळ. असा एक रुग्ण मिळाला तर निबंधाचं सोनं होईल. कुठे दडून बसलाय कोण जाणे.

घरी आलो तर न्हाणीघर पुन्हा अडलेलं. सासरे एकदा आत गेले की आपलं सगळं वेळापत्रक कोलमडतं. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्याकडे खिळा मागितला. पट्ट्याला आणखी एक भोक पाडायचं होतं. चामडं सैल झालंय म्हणाले. हल्ली वस्तूंना पूर्वीचा कस राहिला नाही.

११ नोव्हेंबर

खवीस गेला. सकाळी पिंजऱ्यात शांत पडलेला दिसला तेव्हाच समजलो. शांत राहणं त्याच्या स्वभावात नव्हतं. शेवटच्या वेळी त्याने माझा अंगठा फोडला होता, तो अजून ठणकतोय. बर्फाच्या कपाटात त्याच्या रक्ताच्या बारक्या कुप्या आहेत, तेवढ्याच आता आमच्या खुर्च्या. नव्या सशांपैकी कोणी इतका तुसडा निघेल याचा भरवसा नाही. साहेबांनी फर्मान काढलं: माझ्या परवानगीशिवाय एक थेंबही नाही.

वाईट वाटलं. हिला सांगितलं तर म्हणाली, "सशाचं इतकं लागलं तुम्हाला?" आणि आत निघून गेली. मला वाटलं होतं ती समजून घेईल.

१९ नोव्हेंबर

निबंधाचा मसुदा शंकाबाईला सहीसाठी दिला. तिने वाचला, पेन खाली ठेवलं.

"मूळचा अकरा नंबर कुठे गेला?"

"तांत्रिक दोष होता. काढला."

"तीनदा लावला, तीनदा तोच दोष? दोष इतका शिस्तीचा नसतो."

"त्या रक्तात गॅस्ट्रिनचे तुकडे पडतात."

"पडतात, की पडत असावेत? पातळ करून बघितलंत?"

तिचं म्हणणं असं. रक्त पातळ करत जायचं, निम्मं, पाव, पावाचं निम्मं. आकडा फसवा असेल तर वेडावाकडा पडतो. रक्तात खरंच गॅस्ट्रिन असेल तर पायरी पायरीने इमानदारीत निम्मा होत जातो. हे मलाही ठाऊक आहे. पण त्यासाठी खवीसाची अर्धी कुपी जाईल, आणि तीही एका दूधपित्या म्हाताऱ्यापायी! मी नाही म्हटलं. ती म्हणाली, मग माझीही सही नाही.

घरी तोच राग घेऊन आलो असेन. जेवताना सासऱ्यांनी नेहमीचं सुरू केलं, "मग जावईबापू, काय दिसलं..." आणि मी म्हणालो, "बाबा, तुमच्या रक्ताने माझी तीन महिन्यांची मेहनत नासवली. आता कृपा करून तो विषय काढू नका."

सासऱ्यांनी पुढ्यातलं सूप संपवलं, वाडगा स्वतः धुतला. मग म्हणाले, "घराचा रंग बहुतेक झाला असेल. उद्या निघतो मी."

ही माझ्याशी बोलत नाही. ज्याच्या हाती पट्टी त्यानेच गुपचूप मार खायचा, असा हा जन्म.

४ डिसेंबर

घर शांत आहे. दूध पुरतं. तरी चहा बेचव लागतो. दूधवाला पाणी घालत असणार.

शंकाबाई अडून बसलीय आणि साहेब म्हणतात, तिच्या सहीशिवाय निबंध जाणार नाही. शेवटी त्यांनीच अर्ध्या कुपीची परवानगी दिली. आज सासऱ्यांचं उरलेलं रक्त काढून पायरीपायरीने पातळ केलं, नळ्या लावल्या. हे मी फक्त तिचं तोंड बंद करण्यासाठी करतोय, याची इथे नोंद असावी.

८ डिसेंबर

दुपारी आकडे आले. मी कागदावर ठिपके मांडत गेलो. निम्मं, निम्मं, निम्मं, निम्मं. पट्टीने जोडले तर रेषा आमच्या मूळ रेषेला अगदी समांतर, रुळांसारखी.

तुकडे नव्हते. दोष नव्हता. ते गॅस्ट्रिन होतं.

पहिल्यांदा मला काय झालं ते प्रामाणिकपणे लिहितो: मला आनंद झाला. मी कागद घेऊन दोन-दोन पायऱ्या गाळत वरच्या मजल्यावर गेलो. "डॉक्टर, सापडला! तुमचा लाखांतला एक सापडला!"

डॉक्टरांनी कागद बघितला, चष्मा काढून पुन्हा बघितला. "अहो, हे तर... कोणाचं रक्त?"

"अकरा नंबर."

"अकरा नंबर कोण?"

दूध, खडू, पट्टा, न्हाणीघर, जिना, सगळं एकाच वेळी डोक्यात शिरलं आणि कोणाला बसायला जागा मिळेना.

"माझे सासरे," मी म्हटलं.

डॉक्टर खुर्चीवरून उठले. "कुठे आहेत ते?"

"त्यांच्या घरी. मी... म्हणजे ते परवाच गेले. तीन आठवडे झाले."

मागे शंकाबाई येऊन उभी होती. ती म्हणाली, "काखेत..."

"पुरे," मी म्हटलं.

८ डिसेंबर, संध्याकाळ

ही शिकवते त्या शाळेतून हिला परस्पर घेतलं आणि बस पकडून सासऱ्यांच्या घरी गेलो. वाटेत मी सगळं सांगितलं, रेषेसकट. ती एवढंच म्हणाली, "मी तीन महिने तुम्हाला दुसरं काय सांगत होते?" ती तर चेहऱ्याबद्दल बोलत होती. गॅस्ट्रिनचा उल्लेख तिने एकदाही केला नव्हता.

सासरे पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. खिडकीत गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्यांची रांग. आणि भिंती? त्याच जुन्या, पोपडे आलेल्या. रंगारी फिरकलेच नव्हते! तीन महिने म्हाताऱ्याला झुलवत ठेवलं. मी म्हटलं, "बाबा, या लोकांची तक्रार करायला हवी." बापलेक एकमेकांकडे बघत राहिले. मग हिने त्यांच्या पायांपाशी बसून पायमोजे चढवायला घेतले.

सासऱ्यांनी मला काही विचारलं नाही. मीच सांगितलं. "बाबा, दिसलं. तुमच्या रक्तात गॅस्ट्रिन आहे. फार आहे. बहुतेक एक गाठ आहे आणि ती काढता येते."

मला वाटलं, घाबरतील. त्यांनी डोळे मिटले आणि सगळं अंग सैल सोडलं.

"आहे ना? खरंच आहे ना काहीतरी?"

"आहे."

"चार वर्षं झाली. तीनदा अल्सर झाला. आमचा इथला डॉक्टर म्हणतो, शिट्टी गेली म्हणून पोट दुखतं, रिकामपणाचं दुखणं आहे, कशात तरी मन रमवा. मलाही वाटायला लागलं होतं की मी नाटक करतोय." मग हिच्याकडे वळून, "तुला सांगायचं नव्हतं गं. वाटलं, जावईबापूंच्या यंत्राला दिसलं तर दिसलं. नाही दिसलं तर मग नाहीच."

आणि हसले. आजाराचं गांभीर्य त्यांच्या अजून लक्षात आलेलं दिसत नाही.

२० डिसेंबर

इस्पितळात सगळ्या तपासण्या झाल्या. नळी घालून जठरातलं आम्ल काढलं तर बाटलीच भरली. परिचारिका म्हणाली, इतकं कधी बघितलं नाही. सासऱ्यांनी त्याचाही अभिमान बाळगला.

९ जानेवारी

आज शस्त्रक्रिया झाली. बाहेरच्या बाकावर ही आणि मी. पोटाचे डॉक्टर मध्येच एकदा बाहेर आले, म्हणाले, स्वादुपिंडात काही सापडत नाहीये. हिने माझ्याकडे बघितलं. माझ्या रेषेकडे तिने आजवर कधी इतक्या आशेने बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "आहे. कुठेतरी नक्की आहे. रेषा समांतर होती."

"तुमच्या रेषेची शपथ?"

"माझ्या रेषेची शपथ."

खूप वेळाने डॉक्टर पुन्हा आले. आतड्याच्या भिंतीत, जठर संपतं तिथून थोडं पुढे, शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या बोटाला वाटाण्याएवढं काहीतरी लागलं. काढलं. दुसरीकडे पसरल्यासारखं दिसत नाही. पण सगळं निघालं की नाही हे डोळ्यांना कळत नाही. ते रक्तालाच विचारावं लागेल, असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

१५ जानेवारी

सासऱ्यांचं नवं रक्त घेतलं आणि नळ्या लावल्या. एरवी एका रक्ताच्या दोन लावतो, आज सहा लावल्या. खवीसाची जवळजवळ अख्खी कुपी उधळली. साहेबांना विचारलं नाही. शंकाबाई शेजारीच होती, सगळं बघत होती. एकदा माझ्या हातून पिपेट निसटली तेव्हा तिने गुपचूप दुसरी पुढे केली. थंड खोलीत काचेची पिपेट निसरडी होते. तिथे हातमोज्यांची सोय करायला हवी.

ही विचारते, "लवकर नाही का होत?"

"नाही. चार दिवस."

"कोणी शोधून काढली ही असली रडतखडत चालणारी पद्धत?"

याआधी तिने माझ्या कामाबद्दल इतक्या आस्थेने कधी विचारलं नव्हतं.

१९ जानेवारी

लिफ्टमनच्या शेजारी! सहाच्या सहा नळ्या लिफ्टमनच्या शेजारी!

मी आकडा घेऊन सासऱ्यांच्या खोलीत गेलो. तिथे काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण आत गेल्यावर नुसता कागदच पुढे केला. त्यांना आकडे वाचता आले नाहीत. तरी बराच वेळ वाचत होते.

शंकाबाईने मसुद्यावर सही केली. म्हणाली, "एकदा पुन्हा करून..." आणि मग थांबली. "नको. राहू दे."

१६ फेब्रुवारी

परिषद झाली. सभागृह भरलेलं. सासरे हट्टाने आले, पहिल्या रांगेत हिच्या शेजारी कोट घालून बसले. कोट सैल होता, पण पूर्वीइतका नाही.

निबंधात साहेबांनी एक वाक्य घातलं होतं: "अपवादात्मक आकड्याकडे दुर्लक्ष न करता संशोधकाने घेतलेल्या चिकाटीच्या मागोव्यामुळे रुग्णाचे वेळीच निदान झाले." मला ते जरा चढवलेलं वाटलं, पण वैज्ञानिक भाषा अशीच असते. मी वाचलं. टाळ्या पडल्या.

मग मागून एका वयस्क प्राध्यापकांनी विचारलं, "निबंध उत्तम. पण मला सांगा, ही व्यक्ती निरोगी म्हणून घेतली होती. संशय नेमका कधी आला?"

आता हे काही कागदावर लिहिलेलं नव्हतं. मी घसा खाकरला. "त्याचं असं झालं, आधी आम्हाला वाटलं की नळी..."

तेवढ्यात पहिल्या रांगेतून, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात सासरे उभे राहून म्हणाले, "पहिल्या दिवशीच! ती व्यक्ती मी. जावईबापूंना पहिल्या दिवशीच कळलं. मला दुखू नये म्हणून बोलले नाहीत. पण तीनतीनदा रक्त घेतलं, स्वतः पहाऱ्याला बसले, घरी ठेवून घेतलं तीन महिने. कोण करतं हो सासऱ्याचं इतकं?"

सभागृह हसलं आणि मग टाळ्यांचा कडकडाट. प्राध्यापकही टाळ्या वाजवत होते.

हे साफ चुकीचं होतं. घटनांचा क्रम, कारणं, सगळंच. सासऱ्यांना पद्धत अजून मुळीच समजलेली नाही. मी दुरुस्ती करायला माइककडे वाकलो, तर ही खालून माझ्याकडे बघत होती आणि तिने मान अगदी थोडी, नाही अशी हलवली. शंकाबाई मागच्या रांगेत होती. ती तरी शंका काढेल म्हणून मी तिच्याकडे बघितलं. ती टाळ्या वाजवत होती.

परत येताना बसमध्ये मी सासऱ्यांच्या शेजारी बसलो. म्हटलं, "बाबा, तुम्ही सांगितलंत तसं झालं नव्हतं. मी तर तुमचा नंबर काढून टाकला होता. तुमच्या जागी लिफ्टमन बसवला होता."

"हो का?" ते म्हणाले. "बरा आहे का तो?"

"कोण?"

"लिफ्टमन."

"बरा आहे."

"मग झालं तर."

मी त्यांना सुरुवातीपासून नीट समजावून सांगायला घेतलं. खुर्च्या, कोळसा, तुकडे, समांतर रेषा. निम्म्या वाटेवर लक्षात आलं की ते ऐकत नाहीयेत. झोपले होते, डोकं माझ्या खांद्यावर. त्यांना पोटाशी हात न घेता इतकं गाढ झोपलेलं मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. माझा हात बधिर झाला, मुंग्या आल्या.

आमचा थांबा आला. पुढच्या बाकावरून ही वळून म्हणाली, "उठवू का?"

"राहू दे," मी म्हटलं. "पुढच्या थांब्याला उतरू."

पुढचा थांबाही आला. बस भरली, रिकामी झाली. कंडक्टर दोनदा येऊन बघून गेला. शेवटच्या थांब्यावर गाडी उभी राहिली तेव्हा तो म्हणाला, "साहेब, आता गाडी इथूनच परत फिरणार."

मी म्हटलं, "मग तिघांची तिकिटं द्या."